चौदा ठोक्यांची सवड

"तुमच्याकडे 'स' दुरुस्त होतो का?"

दारातल्या माणसाचा प्रश्न ऐकून तिनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्याच्या कवेत कॉम्प्युटरचा जड डबा होता आणि केसांवर धुक्याचे थेंब. खरं तर तो शेजारच्या दुकानात निघाला होता. तिथं कुलूप दिसलं म्हणून इकडे वळला. पुढं कित्येक दिवस तिला त्या कुलपाचे आभार मानावेसे वाटायचे.

"'स'?"

"सशातला."

"बटण अडकलंय का?"

"बटण बरं आहे हो. 'स'च... पळून जातो."

ती खुदकन हसली. गल्लीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत, कारण ती डब्याला कान लावून पंख्याचा आवाज ऐकायची. पण असा पेशंट पहिलाच.

तो बोटीच्या धक्क्यावर कारकून होता. वेळापत्रक टाइप करून फलकावर लावायचं, हे त्याचं काम. गेल्या आठवड्यात 'शेवटची बोट — सवा सात' असं टाइप केलेलं छापून आलं, 'शेवटची बोट — हवा हात'.

"खलाशी चिडवतात मला. म्हणतात, कुणाचा हात हवाय साहेब?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"अजून... ठरलं नाही म्हणतो," असं म्हणून तो कानांपर्यंत लाल झाला.

तिनं मशीन चालू केलं आणि दोन मिनिटांत भुवया उंचावल्या. "मेमरी फार ताणलीय कुणीतरी. हे बघा, मेमरीनं किती वेगानं धावायचं हे एक. आणि हाक मारल्यावर 'ओ' द्यायला तिला किती ठोक्यांची सवड द्यायची, हे दुसरं. वेग वाढवला की सवडही वाढवावी लागते. इथं वेग छत्तीसशे आणि सवड फक्त चौदा ठोके! दोन्ही एकदम मागितलं की तेलही जातं नि तूपही जातं. अक्षरांमागे आकडे असतात. 'स' आणि 'ह' शेजारी, एकाच आकड्याचा फरक. मेमरी अडखळली की शेजाऱ्याच्या घरात शिरते."

"ताईनं केलं होतं ते," तो हळूच म्हणाला. "माझी मोठी बहीण. तिला भारी नाद होता याचा. मागच्या वर्षी गेली."

 मग तिनं वेग तसाच ठेवून सवड सोळा ठोक्यांची केली, तपासणी लावली. एकही चूक निघाली नाही.

चौथ्या दिवशी तो पुन्हा दारात. डबा कवेत, चेहरा ओशाळलेला. आत सवड पुन्हा चौदा.

"तुम्ही हात लावलात?"

"छे!"

तिनं पुन्हा सोळा केले. हे आकडे लक्षात ठेवणारी बोर्डावरची छोटी बॅटरीही बदलली. त्यानंतर पाचव्या दिवशी तो परत आला, सवड परत चौदा. या वेळी तो कॉफीचे दोन कपही घेऊन आला होता, आणि एव्हाना ती सकाळी आरशासमोर जरा जास्त वेळ रेंगाळू लागली होती. लोक प्रेमात पडतात ते कसल्या कसल्या निमित्तानं. हिला मेमरीच्या सवडीचं निमित्त पुरलं.

"मशीन ठेवून जा," ती म्हणाली. "मला नीट बघू दे."

दुपारी धुकं काचेला चिकटून बसलं होतं. दुकानात ती एकटीच. तिनं चौदा तसेच ठेवून टाइप केलं, 'सकाळ'. सकाळ राहिली. 'समुद्र', 'सोमवार' — सगळे जागच्या जागी. मग तिनं 'सवा सात' लिहिलं.

पडद्यावर उमटलं, 'हवा हात'.

तिनं दहा वेळा लिहिलं. दहाही वेळा तेच. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. बिघडलेली मेमरी आंधळी असते, सापडेल त्याला धडकते. ती दोनच शब्द निवडून काढत नाही. तिनं डब्याला कान लावला, तसा आतला पंखा मंदावला, कुणी ऐकण्यासाठी श्वास रोखावा तसा. तिनं घाईनं मान मागे घेतली.

संध्याकाळी तिनं त्याला दाखवलं. तो स्टूल ओढून बसला.

"ताई टेबलाखाली शिरून हे मशीन जोडायची तेव्हा ओरडायची, 'अरे, जरा हात हवा!' मी म्हणायचो, 'आलो, आलो,' आणि जायचो नाही लवकर. शेवटच्या दिवशी दवाखान्यातही तिनं हात मागितला. मी खाली फॉर्म भरत होतो. वर पोचलो तोवर..."

तिला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि मायेहून जास्त काहीतरी. म्हणूनच पुढचं सांगणं जड गेलं.

"या मशीनमध्ये ताईंचं काही आहे?"

"तिचे आवाजी निरोप. बेचाळीस. रोज एक ऐकतो, थोडी खरखर काढतो, पुन्हा साठवतो."

तिनं एक लावला. 'अरे आळशा, उठलास का...' असा हसरा आवाज, आणि मग नुसती चरचर. असे तीन निघाले.

"ही खरखर मेमरीची आहे," ती म्हणाली. "तुम्ही साठवता तेव्हा चुकांसकट साठवलं जातं. बोर्डात ताईंची चौदाची नोंद जपून ठेवलेली आहे, ती पुसून टाकायला हवी. नाहीतर महिन्याभरात त्यांचा आवाजच उरणार नाही."

"आणि पुसली तर हात कोण मागेल मला?"

 पुसली तर हा माणूसही परत यायचा नाही, हे तिला कळत होतं, आणि तरी ती म्हणाली, "पुसा."

त्यानं मशीन बंद केलं. "मीच पुसेन. घरी. माझ्या हातानं."

तिनं सोळा करून डबा त्याच्या हवाली केला.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा कॉफी नव्हती, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. डबा टेबलावर ठेवून म्हणाला, "आधी एक कबूल करायचंय. दोन्ही वेळा चौदा मीच केले होते. ताईची नोंद होतीच, एक बटण दाबलं की झालं."

"का?"

"इथं यायला... कारण लागायचं ना."

ती रागावणार होती, खरंच. पण गालांनी ऐकलं नाही.

"आणि आज?"

"परवा मी नोंद पुसली. सोळा तसेच ठेवले. आज सकाळी बघतो तर चौदा." त्यानं डबा तिच्याकडे सरकवला. "आज मी नाही हो केलेलं."

तिनं पाहिलं. नोंदीची जागा रिकामी होती. सवड चौदा. बाहेर धुकं होतं, आत दोघांचे श्वास. तिनं तपासणी लावली, आणि दोन तास दोघं शेजारी शेजारी बसले. छत्तीसशे आणि चौदा, न जमणारं गणित. शेवटी आकडा आला तो शून्य. एकही चूक नाही.

तिनं टाइप केलं, 'सवा सात'.

सवा सातच राहिलं.

"ताई मला इथं पोचवून गेली," तो म्हणाला आणि रडला, मोकळेपणानं, शाळकरी पोरासारखा. तिनं त्याला रडू दिलं. मग उरलेले एकोणचाळीस निरोप एकेक करून दुसऱ्या डिस्कवर उतरवले. सगळे स्वच्छ होते.

"म्हणजे आता दुरुस्त करायला काही उरलं नाही," डोळे पुसत तो म्हणाला.

"नाही."

"मग... उद्या कशासाठी येऊ?"

"माझ्यासाठी ये," ती बोलून गेली, आणि आपण एकेरीवर आलो हे तिला नंतर कळलं.

"येतो," तो म्हणाला, पण स्टुलावरून काही उठला नाही.