मास्तर मासे

वैजयंता मल्लावने धरणातल्या आपल्या मासे वाढवायच्या पिंजऱ्यांमधले सगळे वांझदिवे भरदुपारी बंद केले. शेजारच्या पिंजऱ्यांत पाण्याखाली जांभळा उजेड तसाच जळत होता.

"वैनी, डोकं फिरलंय का तुमचं?" तिचा दीर जालिंदर होडी लावत म्हणाला. होडीत दुप्पट ताकदीचे नवे दिवे होते आणि टाकीत चिलापी माशाची पिल्लं. ही पिल्लं मेली तर पिंजरे मोडून विकायचे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वांझदिवा आला तेव्हा त्याचं भारी कौतुक झालं होतं. माशांच्या अंगावर जगणाऱ्या कृमी पाण्यात अंडी सोडतात आणि हा उजेड ती अंडी नासवतो. दोन हंगाम मासे ठणठणीत राहिले. यंदा मात्र ते पुन्हा जाळीला अंग घासत मरू लागले. दिव्यांची कंपनी म्हणाली, उजेड कमी पडतोय. कंपनीला दुसरं सुचणार तरी काय?

वैजयंताने फळीवरचा सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. "बघा, भावजी."

कृमीच्या पोटात एक पिल्लू वळवळत होतं, आणि त्या पिल्लाच्या पोटात आणखी एक.

"अंडी कुठायत?"

"ह्या घालतच न्हाईत. पोटातच पिल्लं वाढवणाऱ्या अशा थोड्या आधीपास्नं होत्या. बाकीच्या आपण मारल्या, ह्यांना रान मोकळं झालं. आता कितीबी उजेड दावा."

"मग?"

"ह्या माशाला मासा घासला तरच चढतात. म्हणून आज मास्तर सोडायचे न्हाईत."

नव्या पिल्लांत जुन्या पिंजऱ्यातले चार मोठे मासे सोडायचे, म्हणजे त्यांचं बघून पिल्लं खायला वर येतात. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ही रीत जालिंदरच्या वडिलांनी घातली होती, आणि तिच्यावाटेच आता रोग पिंजऱ्यापिंजऱ्यांत फिरत होता.

"पिल्लं उपाशी मरतील की."

"मी शिकवीन त्यांना."

"आन अंडीवाल्या परत आल्या तर?"

"येऊ द्यात. त्या ह्यांना दाबून ठिवत्यात, आन त्यांच्यासंगं मासा जगत हुता. दिवे परत करा, म्हणावं मल्लावबाई घेत न्हाई."

पिल्लं रिकाम्या पिंजऱ्यात सोडली. वैजयंताने खाद्य टाकलं, ते नुसतं तरंगत राहिलं. ती हटली नाही. मूठमूठ टाकत फळीवर बसून राहिली. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीचाच तिला राग येत होता. ऊन कलल्यावर एका पिल्लाने वर येऊन दाणा ओढला, मग दुसऱ्याने.

जालिंदर हसला, पण लगेच गंभीर झाला. "वैनी, ह्या पोटातवाल्या उद्या पाण्यातनं पवायला शिकल्या तर?"

"शिकू द्यात. मीबी शिकीन."

"आधी कोण शिकंल पर?"