हेरंबने हार मानली

मंगळाभोवती फिरणाऱ्या 'अरुंधती' स्थानकावर शर्वरी केळुसकर सकाळचा चहा घेत सांगलीच्या मित्रांशी भांडत होती, आणि म्हणूनच मजेत होती. कॉलेजपासूनचा त्यांचा तिघांचा गट, नाव 'रिकामटेकडे'. विषय ठरलेले. एकाच पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन करणारे नगरसेवक, जुने व्हिडिओ गेम, आणि काहीही पटलं की रुक्साना मुजावरचं 'विषय हार्ड!'

सगळ्यांत जुना वाद कार्ट्रिजचा, म्हणजे जुन्या गेमच्या यंत्रात खोचायच्या डबीचा. गेम अडला की कार्ट्रिजमध्ये फुंकर मारायची, लगेच चालतो, असं शर्वरी आणि रुक्साना म्हणत. हेरंब चाफळकर इलेक्ट्रॉनिक्सवाला. फुंकरीने काही होत नाही, काढून परत बसवल्याने होतं, हे तो वीस वर्षं सांगत होता आणि तसूभरही हलत नव्हता.

आता शब्दाला पृथ्वीवर जायला वीस मिनिटं लागत आणि परत यायला वीस. तेवढ्यात थट्टेचा पार चोथा होतो. म्हणून डॉ. सिरिल मिनेझिस यांनी प्रत्युत्तर-अनुमानक बनवला होता. जुन्या गप्पांवरून मित्र काय म्हणतील ते तो ताबडतोब करड्या अक्षरांत दाखवी. शर्वरी त्यावर बोले, आणि तिचं बोलणं त्या अनुमानासकट पृथ्वीकडे रवाना होई. खरं उत्तर तेच निघालं तर अक्षरं काळी होत. वेगळं निघालं तर अनुमान पुसलं जाई आणि शर्वरीचा विनोद अधांतरी लटके. सुरुवातीला तिचा रोज असा पचका व्हायचा. हल्ली मात्र होत नव्हता.

नेमकं हेच घेऊन डॉक्टर आज तिच्याकडे आले. स्थानकाची संदेशक्षमता तोकडी पडत होती. 'रिकामटेकड्यां'च्या बाबतीत अनुमानक महिनाभर एकदाही चुकला नव्हता, तेव्हा त्यांचा खरा दुवा सोमवारपासून बंद करावा, असा त्यांचा प्रस्ताव होता.

"तुला फरक कळणारही नाही," ते समजुतीने म्हणाले. "गप्पांत माणसं तेच तेच बोलतात, शर्वरी. गंमतही त्यातच असते."

इतक्या लांब तिचं म्हणावं असं हीच दोघं होती, आणि त्यांच्या जागी यंत्राशी भांडायचं? डॉक्टरांचं म्हणणं खोडायला काहीतरी हवं होतं. ती हट्टाने महिन्याभराच्या गप्पा चाळत बसली, आणि काल करडीची काळी झालेल्या एका ओळीवर थांबली. हेरंब म्हणत होता, 'फुंकरीने चालतं. मान्य.'

काल ती हे वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती. हेरंब हरला म्हणून तिने गटात दवंडी पिटली होती. आज ती ओळ तिला खटकली. यंत्राने असं अनुमान कशावरून काढलं, असं तिने डॉक्टरांना विचारलं.

"वाद इतका लांबला की कोणीतरी मान्य करतंच," डॉक्टर म्हणाले. "लाखो माणसांच्या गप्पांत तसं दिसतं."

"हेरंब नाही करत. म्हणजे तुमचं यंत्र चुकलं होतं, डॉक्टर. मग चुकलेलं अनुमान खरं कसं ठरलं?"

डॉक्टरांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. मग ते हळूच म्हणाले, "त्याने ते आधी वाचलं असेल, तरच. तुझ्या उत्तरासोबत ते तिकडे पोचतं. तो बोलायच्या आधी."

दुवा बंद करायचा प्रस्ताव त्यांनी तिथेच मागे घेतला. शर्वरीने अनुमानक बंद केला, हेरंबला सरळ प्रश्न पाठवला आणि उत्तराची वाट बघत राहिली. चहा निवून गेला, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

अखेर उत्तर आलं. "महिनाभर त्या यंत्राची भिकार वाक्यं टाइप करतोय. रुक्सानासुद्धा. फुंकरीने काहीही चालत नाही, हे कोरून ठेव. पण काल मी तोंड उघडायच्या आधीच तुझं हसू इथे पोचलं होतं. मी वेगळं बोललो असतो तर ते पुसलं गेलं असतं ना, बाई."