नावं नसलेली फळी

"सोडू का हात? सोडू?… घाबरू नकोस गं, मी कुठे जातेय!"

टिटवी एवढीशी होती तेव्हाचा हा आवाज. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ताई तिला पाठीवर तरंगायला शिकवत होती. वर आभाळ, खाली पाणी आणि मधे ताईचा तळवा! तेव्हापासून टिटवीच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक ताई, आणि दुसरी उरलेली सगळी.

त्या ताईची आज शेवटची परीक्षा होती. समुद्रतळाशी बुडालेल्या जुन्या जहाजांची, नांगरांची, भांड्याकुंड्यांची राखण करायला तरुण पाणबुडे तयार करणाऱ्या केंद्रात ती वर्षभर शिकत होती. सुट्टी लागताच टिटवीने तिच्या खोलीत मुक्काम ठोकला होता.

"आली! आली! आली!" टिटवी धक्क्यावरून किंचाळली.

"कान गेले माझे!" शंकासुर म्हणाला. केंद्रातले मुख्य प्रशिक्षक हे त्याचे सख्खे मामा. "पण कशावरून आलेली ताईच आहे? दुसरा कोणी पाणबुडा असला तर?"

"शंका पुरे! ते पिवळे फुगे बघ!"

पाण्यावर दोन पिवळे फुगे डुलत होते. त्यांच्या आधाराने एक लांब, काळी फळी अलगद वर येत होती. हीच परीक्षा होती. तळावरची फळी मोजायची, तिचं चित्र काढायचं आणि हवेचे फुगे बांधून न दुखावता वर आणायची. फळी अर्थात खोटी, सरावाची. केंद्राच्या सुतारशाळेतच अशा फळ्या बनल्या होत्या. सुट्टीच्या पहिल्या दिवशी टिटवी, शंकासुर आणि त्यांच्या दोस्ताने त्यांना पॉलिशपेपर घासला होता आणि कोणाचं लक्ष नाही बघून प्रत्येकीच्या पोटाशी खिळ्याने आपली नावंही कोरली होती.

ताईचं डोकं पाण्याबाहेर आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"शाब्बास!" मामा ओरडले. "एक ओरखडा नाही! पहिला नंबर तुझाच!"

ताईने मुखवटा काढला. पण ती हसली नाही. दमली असेल, टिटवीला वाटलं.

"फळी तिकडे उन्हात टाका," मामांनी फर्मावलं. "सुकली की सरपण होईल!"

जेवताना ताईने ताटाला हात लावला नाही. "डोकं दुखतंय गं," एवढंच म्हणाली आणि खोलीत जाऊन पडली.

दुपारी धक्का सामसूम झाला. बोटी दोरांनी बांधल्या जागी पेंगत होत्या. टिटवी आणि शंकासुर पाय सोडून बसले होते. त्यांचा दोस्त, खानावळवाल्या काकूंचा मुलगा डुलकी, नावाला जागून फळीवर डोकं टेकून घोरत होता.

टक्!

डुलकी ताडकन उठला. "कोणी मारली टपली?"

"आम्ही? तुला? इथून?"

टक्! टक्!

तिघांचे डोळे विस्फारले. आवाज फळीतून येत होता! तिच्या अंगावर केसाएवढी चीर पडली, बघता बघता पुढे पळाली, तिला फाटे फुटले. कडा सुकल्या पानासारख्या वर वळत होत्या.

"नवं लाकूड असं करतं?" शंकासुर कुजबुजला. "उरलेल्या फळ्या सुतारशाळेबाहेर रोज उन्हात पडून असतात. त्या कुठे बोलतात?"

"उलटी करू या," टिटवी म्हणाली. "खाली आपली नावं असतीलच."

फळी उलटी झाली आणि तिघांच्या तोंडचं पाणी पळालं.

नावं नव्हती! लोखंडी खिळेही नव्हते. त्यांच्या जागी लाकडाच्या गोल खुंट्या ठोकलेल्या होत्या. किड्यांनी पोखरून फळीची चाळण केली होती.

"ही आपली फळी नाही…"

"मग कोणाची?" शंकासुराने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या शंकेवर कोणी हसलं नाही.

टिटवीला ताईचं बोलणं आठवलं. जुनं लाकूड समुद्रात पडून राहिलं की आतून पोकळ होत जातं, पाण्याच्याच आधाराने आपला आकार धरून राहतं. ते उन्हात सुकवणं म्हणजे त्याचा जीव घेणं!

"पोती आणा! बादल्या आणा! पळा!"

डुलकी खानावळीकडे असा सुटला, की काकूंनी ओळखलंच नाही. बादलीमागून बादली समुद्राचं पाणी फळीवर पडू लागलं. ओली पोती तिच्यावर पसरली. आरडाओरड्याने मामा डोळे चोळत बाहेर आले.

"काय चाललंय? सरपणाला अंघोळ कसली घालताय?"

"मामा, हिच्यावर आमची नावं का नाहीत?"

"नावं? म्हणजे माझ्या फळ्यांवर तुम्ही…" मामा रागावून खाली वाकले. खुंट्यांवर त्यांची नजर खिळली. त्यांनी हळूच नख टेकवलं. नख लाकडात रुतलं, ओल्या साबणात रुतावं तसं.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे देवा! आणि मी हिला सरपण म्हणालो!"

पुढच्याच क्षणी मामा स्वतः बादली घेऊन धावत होते, पायात एकच चप्पल! फळी पाण्याच्या टाकीत सुखरूप बुडाली तेव्हा कुठे ते खाली बसले. मग बोटवाल्या काकांना बोलावणं गेलं. सकाळी परीक्षेची फळी तळावर मांडण्याचं काम त्यांचं होतं.

"सरावाच्या जागेवरचीच आहे, साहेब," काका नजर चुकवत म्हणाले.

"काका, सरावाच्या जागी तळ कसला आहे हो?" शंकासुराने अगदी गरीब चेहरा केला.

"चिखल. काळाकुट्ट."

"मग हिच्या भोकांमध्ये पांढरी वाळू कशी?"

"आली असेल वाहत!"

"तुमच्या नांगराच्या दोरातसुद्धा वाहत आली?" डुलकीने जांभई देत विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. बोटीतल्या ओल्या दोराच्या पिळांमध्ये पांढरी वाळू चमकत होती.

काकांचा चेहरा पडला. "काय करू, साहेब? सरावाची फळी गाळात रुतलेली, हलेना. परीक्षेची वेळ झालेली, सुतारशाळेतून दुसरी आणायला परत जायला वेळ नव्हता. खडकापलीकडे ओहोटीला एक फळी दिसायची. म्हटलं, फळी ती फळी! गळ टाकला, ओढली, आणून ठेवली."

"ओढली?" मामांनी कपाळावर हात मारला. "अहो, ती कुठे पडली होती, कशाला टेकून होती, हीच तर तिची गोष्ट! जागेवरून हलवली की वस्तू मुकी होते."

"जागा दाखवतो ना मी," काका खालमानेने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट खडकापलीकडे थांबली. मामा आणि ताई पाण्यात उतरले. वर राहिले नुसते बुडबुडे. टिटवीने श्वास रोखून धरला होता.

मामा वर आले. मुखवटा काढला, तोंड उघडलं, मिटलं.

"मामा, बोला ना! काय आहे खाली?"

"गलबत आहे रे!" मामांच्या डोळ्यांत पाणी होतं, समुद्राचं की त्यांचं कोण जाणे. "अख्खं गलबत वाळूत निजलंय. मडकी अजून रांगेत रचलेली आहेत. आणि एका कुशीत ताजी जखम आहे. आपण केलेली!"

ताई शिडी चढून आली आणि पाठ करून बसली.

संध्याकाळी धक्क्यावर सगळं केंद्र जमलं. त्या जागेभोवती तरंगती लाल पिंपं लागली होती. तिथे नांगर टाकायला बंदी झाली होती, आणि पहारा द्यायला उभे होते खुद्द बोटवाले काका! संचालक बाईंनी तिघांना पुढे बोलावलं.

"राखण शिकवता शिकवता आपण काय करून बसलो होतो, बघा," त्या म्हणाल्या. "या पोरांचे कान जागे नसते, तर ते गलबत फळीफळीने आपल्याच परीक्षांना पुरलं असतं! आणि सर म्हणत होते, मुलांना धक्क्यावर येऊ देऊ नका!"

मामांनी कान पकडले. हशा पिकला. डुलकीला लोक जागा म्हणाले, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"आणि आता परीक्षेचा निकाल. पहिली आलीय आपल्या टिटवीची ताई! एवढी नाजूक फळी हिने एक ओरखडा न काढता वर आणली. ये, प्रमाणपत्र घे."

टिटवी सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवू लागली. ताई पुढे गेली. बाईंनी प्रमाणपत्र धरलं, ताईचा हात काही पुढे होईना.

"घे ना, ताई!"

"बाई, मला पाण्यातच कळलं होतं."

टाळ्या थांबल्या. टिटवीचे हात हवेतच राहिले.

"फुगा बांधताना माझं बोट आत रुतलं," ताई टिटवीकडे बघत म्हणाली. "खुंट्याही दिसल्या. तेव्हाच वर येऊन सांगायला हवं होतं. पण परीक्षा थांबली असती, माझा नंबर गेला असता, म्हणून मी फुगे फुगवले. दुपारी ही पोरं तिच्यावर पाणी ओतत होती ना, तेव्हा खोलीत मला सगळं ऐकू येत होतं. मी जागी होते."