दीड कोसाचा रस्ता

दुपारी एक ते दोन या तासात धानोरे ते बाभळवाडी हा रस्ता दीड कोसाचा असे. एरवी तो चारशे किलोमीटरचा. त्यामुळे लग्नाची वऱ्हाडं, दवाखाना, मयताला जाणं, सगळं त्या एका तासात उरकायचं. धानोऱ्याची माणसं त्या तासाला ‘आकसवेळ’ म्हणत.

त्या दिवशी यमुनाबाई लोंढे बारापासूनच फाट्यावर येऊन बसल्या होत्या. मांडीवर आईनं काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगेचा गडू. पलीकडे बाभळवाडीत धाकटी बहीण रुक्मा अखेरच्या घटका मोजत होती, आणि शेवटचं पाणी अक्काच्याच हातून घेणार म्हणून अडून बसली होती. लहानपणापासून हट्टीच ती.

सव्वा वाजला तरी रस्ता आकसेना. ड्रायव्हर बस बंद करून खाली उतरला. यमुनाबाई उठल्या आणि तडक फाट्यावरच्या ताणकेंद्रात शिरल्या. रस्ता ताणायचं-आकसायचं काम तिथूनच चाले.

तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. अनघा केळुसकर. पाच वर्षांपूर्वी यमुनाबाई सरपंच असताना अनघाताईंनीच ही विद्या गावाला समजावली होती. अंतर नाहीसं करता येत नाही, फक्त सरकवता येतं. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडतात, तसं. संभाजीनगर ते टोरांटो या साडेबारा हजार किलोमीटरला चुणी घालून ते पाचशेवर आणायचे, तर उरलेले बारा हजार कुठंतरी पसरावेच लागतात. त्यासाठी तीस ओसाड माळ निवडले होते, प्रत्येकाच्या वाट्याला चारशे; धानोरे-बाभळवाडीमधला माळ त्यातलाच एक. यमुनाबाईंचा मुलगा शिवदास टोरांटोत. अख्ख्या दिवसाचा प्रवास चाळीस मिनिटांवर येणार म्हटल्यावर त्यांनी गावाच्या वतीनं हसत हसत सही ठोकली. तेव्हा दिवसाला दोनच विमानं होती. पुढं ती वीस वीस मिनिटांनी उडू लागली आणि माळ ताणलेलाच राहू लागला. असं होईल का, हे तेव्हा कुणाला विचारायचं सुचलं नव्हतं.

“एक तास आमचा ठेवायचा ठरलं व्हतं ना, म्याडम?”

अनघाताईंनी मान खाली घातली. तातडीचं विमान सोडावं लागलं, असं त्या म्हणाल्या. मरणाच्या दारातल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांसाठी तशी सोय नियमातच होती.

“मग सोडा ती चुणी. दहा मिनिटं पुरे मला.”

“विमान चुणीत शिरलंय, यमुनाबाई. आत्ता सोडली तर ते भर समुद्रावर उघडं पडेल. इंधन तासाभराचंच असतं.”

“असं कोण येतंय त्यात?”

अनघाताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तातडीच्या प्रवाशांत एकच नाव होतं. शिवदास लोंढे.

सकाळी यमुनाबाईंनीच त्याला फोन केला होता. मावशीनं तुला अंगाखांद्यावर वाढवलं, असशील तसा नीघ, असं बजावलं होतं. चुणी सोडा, असं त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

दीडला भाचीचा फोन आला. रुक्मा गेली. जाईपर्यंत दाराकडंच बघत होती म्हणे.

पावणेदोनला माळ आकसला, समोर बाभळवाडीची घरं दिसू लागली आणि बस सुटली. ती निम्म्या वाटेवर असताना शिवदासचा फोन आला.

“आई, उतरलो बघ. चाळीस मिनिटांत. मावशी कशी आहे?”

यमुनाबाईंनी सांगितलं. त्याचा हुंदका त्यांना ऐकू आला. मग त्यानं विचारलं, “पाणी तूच घातलंस ना तिच्या तोंडात? तिला तुझ्याच हातचं हवं होतं.”

“मीच घातलं, बाळा,” त्या म्हणाल्या.

गडूचं तोंड अजून झाळलेलंच होतं. बाभळवाडी येईपर्यंत त्यांनी तो पदराखाली धरून ठेवला.