शेवटचा हात

ही गोष्ट घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

वारलू मिस्त्री माझ्या आईचे मामा. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. पन्नासच्या दशकातला उन्हाळा... बल्लारपूर स्टेशनजवळचं त्यांचं पत्र्याचं गॅरेज. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

एका लाकूड ठेकेदाराची जुनी लष्करी जीप ट्रकमागे बांधून आणली होती. तिचा ड्रायव्हर सुकलू आलापल्लीच्या जंगलात, नाल्याजवळ मेला होता. स्टेअरिंगवर बसल्या बसल्या. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

फक्त दोन्ही हात कोपरापर्यंत काळे... आणि कमरेला पट्टा नाही.

पट्टा मामांना इंजिनात सापडला.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा लोखंडी दांडा असतो, त्याला रॉड म्हणतात. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग वितळलं होतं. बिचाऱ्या सुकलूने जंगलात, गाडीखाली झोपून, त्या जागी पट्ट्याचं चामडं कापून बसवलं होतं. अडल्यावेळी ड्रायव्हर लोक असं करायचे.

मामांनी सगळं सामान रॉकेलने धुतलं आणि दोन ढीग केले. एक परत बसवायचा, एक टाकायचा. पिस्टन टाकले. बेअरिंगं टाकली. क्रँक घासून चालणार होता. तिसरा रॉड मात्र ते बराच वेळ मापत बसले. सरळ होता. कुठे तडा नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. सुकलूची बायको मंगली.

"मानसाचा शेवटचा हात ज्याच्यावर पडला, थे वस्तू आमी त्याच्या नावानं उभ्या केलेल्या दगडापाशी ठेवतो, भाऊ," ती म्हणाली. "नाईतर थो काम पुरं कराले येते. थो दांडा मले दे."

मामांनी तिला चामड्याचा तुकडा दिला. ती हलली नाही.

नवा रॉड नागपूरहून येईपर्यंत पावसाळा लागला असता. आणि ठेकेदाराने बजावलं होतं, पावसाआधी जीप निघाली तरच ड्रायव्हरची नोकरी मुखरूला. मुखरू म्हणजे मामांचा धाकटा भाऊ. लग्न होऊनही घरी बसलेला.

मामांनी भंगारातला एक वाकडा रॉड उचलला आणि तिच्या हातात ठेवला.

मंगलीने तो नाकाशी नेला. हुंगला. पदरात बांधून निघून गेली.

इंजिन बांधून झालं. पहिल्याच हँडलला सुरू झालं. मामांनी नेहमीसारखा लांब पेचकस इंजिनाला टेकवून त्याच्या मुठीला कान लावला. पहिला सिलेंडर... ठणठणीत. दुसरा... ठणठणीत.

तिसरा...

काहीच नाही.

लोखंडावर लोखंड फिरत असताना आवाजच नाही. आणि गॅरेजभर जळक्या चामड्याचा वास.

मामांनी खालून इंजिन उघडलं. नवं बेअरिंग चकाकत होतं. चामड्याचा मागमूस नव्हता. "वहम हाये तुया," मुखरू हसून म्हणाला. मामांना ते ऐकायचंच होतं. त्यांनी इंजिन पुन्हा बांधलं आणि जीप घेऊन जंगलाकडे निघालेल्या भावाला निरोप दिला.

मुखरू सापडला... दुसऱ्या दिवशी, त्याच नाल्याजवळ. उन्हं कलायच्या आत. स्टेअरिंगवर बसलेला. अंगावर ओरखडा नाही.

हात कोपरापर्यंत काळे.

कमरेला पट्टा नव्हता.

मामांनी तिथेच, रडत रडत, इंजिन खालून उघडलं. तिसऱ्या रॉडमध्ये चामडं होतं. ताजं. त्याला एक वेडंवाकडं भोक होतं. ते मामांनीच पाडलेलं. मुखरू हडकुळा, नवा पट्टा त्याला सैल व्हायचा, म्हणून.

मुखरूचं सगळं आटोपल्यावर रॉड घेऊन ते मंगलीकडे गेले. तिच्या पाया पडले. म्हणाले, "चुकलो बाई. घेऊन टाक."

मंगलीने रॉडकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"आता याच्यावर तुया भावाचाई हात हाये," ती म्हणाली. "सांग भाऊ, कोनाच्या दगडापाशी ठेऊ?"

मामा रॉड घेऊन परतले. त्यांनी पुन्हा कधी इंजिन उघडलं नाही.

मामा गेले, गॅरेज गेलं. तो रॉड पोत्यात गुंडाळून आमच्या मागच्या खोलीत ठेवलेला आहे. इतक्या वर्षांत गंज धरलेला नाही. घर बदलायचं आमच्या मनात कितीदा आलं, पण ते सामान उचलायचं कोणी, इथेच सगळं अडतं.

उन्हाळ्यात दुपारी कधीकधी त्या खोलीतून वास येतो... चामड्याचा.

त्या दिवसांत आमच्या घरात कोणी पट्टा लावत नाही.