लाखेवरचा अंगठा

ही गोष्ट खोटी आहे असं कुणी मला पटवून दिलं, तर मी त्याचे पाय धरीन.

पण ती खरी आहे. १९७९ चा चैत महिना. तुमसर तालुक्यातलं आमचं चिखला गाव. आणि वेळ भर दुपारची.

आमच्या घरी जुनी जीप होती. धनीराम ती चालवायचा. शांत माणूस. दारूच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. गाडी सुरू करण्याआधी तो ब्रेकचं पायडल तीनदा दाबून पाहायचा.

फस्... फस्... फस्...

मग मान हलवायचा आणि निघायचा.

त्या आठवड्यात ब्रेक ऑइल गळायला लागलं. ऑइलची डबी ब्रेकच्या पंपावर बसते, तिथलं रबर चिरलं होतं. तुमसरहून नवीन रबर आणू, तोवर गाडी उभी ठेवू, असं धनीरामचं म्हणणं. पण मला दोन दिवसांनी सासुरवाडीला जीपमधून मिरवत जायचं होतं.

आमच्याकडे विळ्याची मूठ लाखेनं बसवतात. गळकी घागरही लाखेनंच बुजवतात. मी चुलीवर लाख तापवली, तिची कडी केली आणि डबीच्या बुडाशी अंगठ्यानं दाबून बसवली. माझ्या उजव्या अंगठ्यावर विळा लागल्याचा आडवा व्रण आहे. तोही लाखेवर उमटला.

रात्रभर डबीत पाणी भरून ठेवलं. एक थेंब गळला नाही. दुसऱ्या दिवशी डबी उन्हात वाळवली आणि संध्याकाळी ब्रेक ऑइल भरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी धनीरामला खाणीपर्यंत एक फेरी मारून यायला सांगितलं.

तो डबीकडे बघत उभा राहिला.

“भाऊ, पाण्याचं ठीक हाय. पर हे तेल पाण्यासारखं नसते. मले भरोसा नाही वाटून राहिला.”

“आयटीआय मी शिकलो का तू?” मी म्हणालो.

तो गाडीत बसला. पायडल तीनदा दाबलं. या वेळी मात्र मान हलवली नाही. ते मला दिसलं होतं. तरी मी त्याला जाऊ दिलं.

खाणीकडून येणाऱ्या उतारावर जीप थांबलीच नाही. खालच्या मोहाच्या झाडावर आदळली.

मोहाचा बहर होता. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला. धनीराम त्याच फुलांत मरून पडला होता. त्याच्या कपड्यांना मोहाचा वास येत होता... आणि लोक म्हणाले, पिऊन होता.

पंचनाम्यात मला विचारलं, गाडीत काही बिघाड होता का?

मी नाही म्हणालो.

घरी आलो आणि उरलेला लाखेचा तुकडा वाटीभर ब्रेक ऑइलमध्ये टाकला. सकाळी वाटीत नुसता लाल चिखल होता.

जीप भंगारात गेली. तिचा कोठा रिकामा झाला.

आठव्या दिवशी दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. कोठ्यातून आवाज आला...

फस्... फस्... फस्...

आणि मग चौथा. पायडल थेट तळाला लागल्याचा.

ठक.

धावत गेलो. कोठ्यात कुणी नव्हतं. जिथे जीप उभी राहायची, तिथे मातीवर एक थेंब होता. लाल... चिकट... ताजा.

मग रोज दुपारी तेच. घरात दुसऱ्या कुणाला काही ऐकू यायचं नाही.

तेरवी झाल्यावर मी त्याच्या बायकोकडे, बायजाबाईकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. दारुड्याची बायको म्हणून विहिरीवर तिला बाया टोमणे मारायच्या, हे मला माहीत होतं.

मी तोंड उघडण्याआधीच तिनं पदराची गाठ सोडली.

“हे तुमचं हाय म्हणते. काल सांजच्याले आमचे हे अंगणात आले होते. भाऊले देऊन दे, म्हणे.”

माझ्या हातावर लाखेची कडी ठेवली. अखंड, कोरडी. तिच्यावर अंगठ्याचा ठसा... आणि ठशावर आडवा व्रण.

ती कडी विरघळली होती. मोडक्या जीपखाली शिरून मी स्वतः पाहिलं होतं. डबीच्या बुडाशी कणही उरला नव्हता.

“थे पिऊन नव्हते ना, भाऊ?” तिनं एवढंच विचारलं.

एक शब्द पुरे होता. नव्हता. बस, एवढंच म्हणायचं होतं मला.

“मला काय माहीत, वहिनी,” मी म्हणालो आणि चपला घालून निघालो. माझी मलाच लाज वाटते. आजही वाटते.

बायजाबाई गेल्या चैतात वारली. शेवटपर्यंत तिला दारुड्याचीच बायको म्हणत होते.

कडी मी पेटीत ठेवली आहे. पेटीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला.

यंदा, ती गेल्याच्या तेराव्या महिन्यात, पेटी उघडली. इतकी वर्षं रोज येणारा कोठ्यातला आवाज दोन दिवसांपासून बंद होता, म्हणून उघडली.

माझ्या ठशाला लागून लाखेवर दुसरा अंगठा उमटला आहे... बारका. बाईमाणसाचा.

आणि दोन ठशांच्या बाजूला तिसऱ्यासाठी जागा आहे... धनीरामच्या. मी रोज पेटी उघडून बघतो.