आत्यानं ठेवलेलं नाव

"एक रांग आपल्या लोकांची, एक पाहुण्यांची. तुम्ही काय खांबाची रांग लावलीत?"

टोंगाच्या विमानतळावर खांबाला टेकून उभी असलेली ग्रेस दचकली. मागे एक उंच, हसरा तरुण उभा होता. घासूनपुसून लख्ख केलेले बूट त्यानं लेसनं एकमेकांना बांधून गळ्यात अडकवले होते. लोपेती त्याचं नाव. ऑस्ट्रेलियात सात महिने संत्री तोडून तो टोंगाला घरी परतत होता. विमानापासून इथवर चालत येताना पावसानं दोघांनाही भिजवलं होतं.

"आणि पासपोर्ट दोन-दोन? एक मला द्या की!"

"चेष्टा नको हो... कुठल्या रांगेत जावं तेच कळत नाहीये."

ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टावर ती ग्रेस होती. टोंगाच्या नव्या कोऱ्या पासपोर्टावर मात्र तोकिलुपे — जन्मल्यावर आत्यानं ठेवलेलं नाव. ती चार वर्षांची असताना वडील गेले, आईचं आत्याशी बिनसलं आणि परदेशी पोचताच आईनं ते नाव टाकून दिलं.

लोपेतीनं कपाळाला हात लावला. "आत्यानं ठेवलेलं नाव टाकलं? आपल्याकडे आत्याचा मान सगळ्यांत मोठा. पाद्रीबुवांचा शब्द मोडला असता तरी चाललं असतं!"

"म्हणून तर भीती वाटते. येतेय म्हणून आत्याला कळवलं... पण उत्तरच नाही."

"मग पाहुण्यांच्या रांगेत जा. सोपं पडेल."

"बावीस वर्षांनी घरी यायचं, आणि पाहुणी म्हणून?"

डोळे पुसत ती आपल्या लोकांच्या रांगेत शिरली. पण प्रवेशाच्या अर्जावर तिनं सवयीनं 'ग्रेस' लिहिलं होतं. अधिकाऱ्यानं तिला बाजूला थांबवलं. थोड्या वेळानं हाक आली, "तोकिलुपे!" पुन्हा आली. ग्रेस आपली दाराकडे डोळे लावून उभी. तिसऱ्या हाकेला लोपेतीनं तिला कोपरानं ढोसलं.

"स्वतःचं नाव कळत नाही?" अधिकाऱ्याच्या भुवया चढल्या. "बाहेर तुम्हाला ओळखणारं कुणी आहे?"

"माहीत नाही," ती कशीबशी म्हणाली. मागे वळून पाहिलं, तर लोपेतीही नव्हता.

इतक्यात दार धाडकन उघडलं. टोंगाच्या रीतीप्रमाणे कमरेला मानाची चटई गुंडाळलेली एक धिप्पाड म्हातारी आत आली आणि अधिकारी उठूनच उभा राहिला.

"तोकिलुपे! बापासारखीच बहिरी गं तू! उत्तर कसलं पाठवायचं, न्यायलाच आले मी!"

ग्रेस तिच्या पायांशी जमिनीवर बसली आणि हमसून रडली. आत्यानं तिच्या गळ्यात फुलांचा हार घातला. पासपोर्टावर शिक्का पडला.

बाहेर लोपेती तिची बॅग धरून उभा होता.

"तूच पाठवलंस ना आत्याला? ओळखलंस कसं?"

"सगळे हसत वाट बघत होते. ती एकटीच डोळे पुसत होती... तुझ्यासारखी."

"त्या नावाची मला सवयच नाही रे."

"कुणीतरी रोज हाक मारायला हवी."

"रोज?"

"हंगाम संपलाय... मोकळाच आहे मी," तो बुटांची लेस चाळवत म्हणाला.

"ए बूटवाल्या!" आत्या पुढून ओरडली. "रविवारी चर्च सुटलं की जेवायला ये!"

ग्रेस लाजून झपाझप पुढे निघाली.

"तोकिलुपे..." मागून अगदी हळू हाक आली.

या वेळी ती पहिल्याच हाकेला वळली.